आधी उपचार, मग पावती

केज तालुक्यातील एका सेवानिवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असून ते सपत्नीक तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहेत. ते विचारतात, "तिकडे दवाखाने फुकट असतात असे ऐकतो. मग विम्याचे पैसे कशाला भरावेत? परक्या देशात अचानक छातीत दुखू लागले तर आधी पैसे मागतील का?" पत्राच्या शेवटी त्यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजूही मांडली आहे. "आपल्याकडे वेरूळ-अजिंठा पाहायला आलेला परदेशी माणूस आजारी पडला, तर त्याच्यावर आपल्या सरकारी पैशातून उपचार का व्हावेत?"

प्रश्न रास्त आहे आणि तो फक्त विमानाने प्रवास करणाऱ्यांचा नाही. नांदूरघाटच्या परिसरातून दसरा-दिवाळीनंतर ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातात, कोणी बेळगाव-बागलकोटकडे. चार-पाच महिने ती परक्या गावात, काही जण तर परक्या राज्यात राहतात. तिथे ती मतदार नसतात, रेशनकार्ड गावचे असते, भाषाही पुष्कळदा वेगळी असते. म्हणजे बाहेरून आलेल्या रुग्णाने तातडीच्या उपचाराचे पैसे भरावेत का, हा प्रश्न दर हंगामात आपल्याच माणसांना दवाखान्याच्या दारात विचारला जातो. म्हणून आज या विषयाची वैद्यकीय, कायदेशीर आणि व्यावहारिक अशी तिन्ही अंगे पाहू.

तातडी म्हणजे नेमके काय?

पुष्कळ वाद या शब्दाच्या ढिलाईतून होतात. गुडघा दोन वर्षे दुखत आहे, मोतीबिंदू पिकला आहे, हर्नियाचे ऑपरेशन करायचे आहे, हे सर्व आजार खरेच आहेत, पण त्यांना चार दिवस थांबता येते. ज्या स्थितीत काही मिनिटांत किंवा काही तासांत उपचार झाले नाहीत तर जीव जाईल किंवा एखादा अवयव कायमचा निकामी होईल, तिला वैद्यकशास्त्र तातडीची स्थिती म्हणते.

काही उदाहरणे घ्या. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही. जितका उशीर तितका स्नायू मरतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. गुठळीमुळे झालेल्या लकव्यात ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचे सिटी स्कॅन करावे लागते. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही, तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत दगावू शकते. फवारणीचे विष पोटात गेले, तर छातीत पाणी साचून श्वास कोंडतो. अपघातात आतल्या आत रक्तस्राव होत असेल, तर पहिला तास मोलाचा असतो.

आपल्या शेतकरी आणि मजूर वर्गाच्या दृष्टीने सर्पदंश सर्वांत महत्त्वाचा. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना जवळजवळ नसतात, सूजही नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास थांबू लागतो. उसाच्या फडाशेजारी कोपीत झोपणाऱ्यांना हा धोका रोजचा आहे. घोणस चावली तर उलट असते. जागा भराभर सुजते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि पुढे मूत्रपिंडावर परिणाम होतो. रक्त गोठते आहे की नाही हे पाहण्याची तपासणी अगदी साधी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची. त्याला यंत्र लागत नाही, खर्च नाममात्र येतो. लहानशा दवाखान्यातही ती करता येते.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्या तासातील उपचार पुष्कळदा स्वस्त असतात. ऑक्सिजन, सलाईन, ईसीजी, ॲस्पिरिनची गोळी, रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, यांना लाखो रुपये लागत नाहीत. महाग पडतो तो उशीर. घोणस चावलेल्या माणसाला वेळेवर प्रतिविष मिळाले तर तो बहुधा काही दिवसांत घरी जातो. उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस करावे लागते, आठवडेच्या आठवडे जातात, आणि तरीही खात्री नसते. दारात पैशासाठी घातलेला एक तासाचा घोळ पुढे कितीतरी पटींनी खर्च वाढवतो, मग तो खर्च रुग्णाने करो की सरकारने.

आपला कायदा काय सांगतो?

"पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या," हे वाक्य एके काळी सर्रास ऐकू येई. दिल्लीकडील एका वृत्तपत्रात बातमी आली होती. स्कूटरवरील माणसाला मोटारीने उडवले, लोकांनी त्याला जवळच्या रुग्णालयात नेले, पण तिथल्या डॉक्टरांनी अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या, वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे बोट दाखवले. वाटेतच तो गेला. ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्यासाठी आपली सेवा देण्याचे बंधन आहे आणि कोणतीही कागदी प्रक्रिया त्याच्या आड येऊ शकत नाही.

दुसरा निकाल १९९६ सालचा, पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेने नेलेल्या प्रकरणातला. हकीम शेख नावाचे त्यांचे सदस्य जुलै १९९२ मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला जबर दुखापत झाली. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही, अशी कारणे देऊन त्यांना परत पाठवले. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार रुपये खर्चून उपचार करावे लागले. न्यायालयाने त्यांना २५ हजार रुपये भरपाई देवविली आणि स्पष्ट केले की, वेळेवर तातडीचे उपचार न देणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमाचा भंग आहे, आणि पैसा अपुरा आहे ही सबब सरकारला चालणार नाही.

या २१ व्या कलमातला एक शब्द पाहण्यासारखा आहे. तिथे "नागरिक" असे म्हटलेले नाही, "व्यक्ती" असे म्हटले आहे. जीविताचे संरक्षण या देशात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला आहे. २००० साली एका बांगलादेशी महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ शब्दांत सांगितले. तेव्हा अजिंठ्याला आलेल्या परदेशी पाहुण्याला झटका आला, तर त्याचा पासपोर्ट पाहण्याआधी त्याची नाडी पाहणे, हे डॉक्टरचे कर्तव्यच आहे. आम्हा डॉक्टरांच्या २००२ सालच्या आचारसंहितेतही हेच आहे. कोणाला तपासायचे हे ठरवण्याची मोकळीक डॉक्टरला आहे, पण तातडीच्या प्रसंगी हाक आली तर त्याने प्रतिसाद दिला पाहिजे.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना घालून दिली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, एवढेच लोकांना माहीत असते. त्याच योजनेत असेही आहे की, तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार दिले पाहिजेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली, तिच्यातही आधी पैसे न मागता तातडीचे उपचार मिळण्याचा हक्क नोंदवलेला आहे.

मात्र एक गैरसमज दूर करतो. आधी पैसे मागू नयेत याचा अर्थ बिलच नाही, असा होत नाही. प्रकृती स्थिर झाल्यावर खासगी रुग्णालय आपले योग्य बिल मागू शकते. कायद्याने दार उघडे ठेवले आहे, पण हिशोब माफ केलेला नाही. त्यामुळे खरा प्रश्न असा उरतो की, हा हिशोब कोणाशी करायचा?

परदेशात कशी पद्धत आहे?

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवा तिथे कायम राहणाऱ्यांसाठी करातून चालते. अपघात व तातडीच्या विभागात झालेले उपचार पाहुण्यालाही मोफत असतात. पण त्याला आत दाखल केले की मीटर सुरू होतो. २०१५ च्या नियमांनुसार, सवलत नसलेल्या परदेशी पाहुण्याकडून रुग्णालयातील उपचारांचे सरकारी दराच्या दीडपट पैसे घेतले जातात. डॉक्टरला उपचार तातडीचे वाटले, तर पैसे आगाऊ मिळाले नाहीत म्हणून ते नाकारता येत नाहीत. बिल मात्र मागून येते, आणि मोठी रक्कम थकली तर पुढच्या वेळी व्हिसा मिळताना अडचण होऊ शकते. ज्या उपचारांना थांबता येते त्यांचे पैसे २०१७ पासून आगाऊ घेतले जातात. क्षयरोगासारख्या काही संसर्गजन्य रोगांचे उपचार मात्र पाहुण्यालाही मोफत आहेत. यामागचे शहाणपण उघड आहे. पैशाच्या भीतीने क्षयाचा रुग्ण लपून राहिला, तर नुकसान यजमान देशाचेच.

म्हणून गुरुजींना सांगणे असे की, छातीत दुखू लागले तर तिथे न घाबरता तातडीच्या विभागात जावे, दारात कोणी अडवणार नाही. पण दाखल व्हावे लागले तर बिल मोठे येईल, आणि ते मुलावर पडेल. विमा जरूर घ्यावा. घेताना मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचा हृदयविकार लपवू नये. लपवला तर नेमक्या वेळी विमा कंपनी हात वर करते. जुन्या आजारामुळे उद्भवलेल्या तातडीला संरक्षण आहे का, हे पॉलिसीत वाचून किंवा वाचून घेऊन मगच सही करावी.

अमेरिकेत आरोग्यसेवा फार महाग आहे, पण तिथेही १९८६ च्या कायद्याने तातडीच्या विभागात आलेल्या कोणाचीही ऐपत न पाहता तपासणी करणे आणि प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांना बंधनकारक केले. बिल नंतर पाठवतात, आणि ते डोळे पांढरे करणारे असते. युरोपातील शेंगेन गटाच्या देशांनी वेगळा मार्ग काढला आहे. किमान ३० हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा असल्याशिवाय ते अल्पमुदतीचा व्हिसाच देत नाहीत. म्हणजे हिशोबाची सोय घरून निघतानाच होते.

तीन पद्धती वेगळ्या असल्या, तरी जीव धोक्यात असताना दारात पैशासाठी अडवायचे नाही, हे तिन्हींत समान आहे. फरक फक्त पैसे कधी आणि कोणाकडून घ्यायचे, यात आहे.

गोव्याचे उदाहरण

असाच पेच आपल्या शेजारी घडला. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सिंधुदुर्ग, कारवार, बेळगाव भागातील रुग्ण वर्षानुवर्षे जात आले आहेत. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बांबोळी जवळ पडते. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने तिथे परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली. सिंधुदुर्गात त्याविरुद्ध नाराजी उसळली, दोडामार्गला आंदोलन झाले.

गोव्याची बाजू अगदीच चुकीची नव्हती. राज्य लहान, रुग्णालय तिथल्या करदात्यांच्या पैशावर चाललेले, आणि खाटांवर बाहेरच्या रुग्णांचा भार. दुसरीकडे दोडामार्गचा शेतकरी म्हणत होता की, आमच्या जिल्ह्यात सोय नाही म्हणून आम्ही येतो, हौसेने येत नाही. दोघेही आपापल्या जागी खरे होते. चूक होती ती मधल्या पोकळीची. ज्या राज्याचा रुग्ण आहे त्या राज्याने त्याचा खर्च उचलावा, अशी कायमची आणि सुरळीत व्यवस्था आधीपासून असती, तर काउंटरवर गरीब माणूस उभा राहिला नसता. पुढे २०२१-२२ पासून सिंधुदुर्गात ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपल्या माणसाला शेजाऱ्याच्या दारात जावे लागू नये, हा त्यावरचा दुसरा आणि अधिक चांगला उपाय होय.

आपल्या जिल्ह्याचा खरा घाव

गोव्यात प्रश्न शुल्काचा होता. आपल्या ऊसतोड मजुराच्या बाबतीत तो याहून खोल जातो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि तोडलेल्या उसातून ती फेडायची, असा हा व्यवहार. एक दिवस काम बुडाले तर खाडा लागतो. आता समजा, रात्री कोपीत बाईला साप चावला किंवा उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून माणूस पडला. परका गाव, खिशात पैसे नाहीत. खासगी रुग्णालयाने अनामत मागितली की फोन मुकादमाला जातो. मुकादम पैसे देतो, नाही असे नाही. पण ते पैसे वहीत उचलीच्या खाली लिहिले जातात.

मी गेली अनेक वर्षे पट्टा पडल्यावर परत आलेली माणसे तपासतो. एका जोडप्याची गोष्ट सांगतो, नावगाव सांगत नाही. बाईला घोणस चावली होती. पहिल्या खासगी दवाखान्यात पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत रात्र गेली. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवले, मूत्रपिंडावर परिणाम झाला, डायलिसिस झाले. ती वाचली, हे नशीब. पण हंगामाची कमाई गेली, वर बाकी निघाली. माझ्याकडे ती आली तेव्हा पायांवर सूज होती आणि तिला विश्रांतीची गरज होती. नवरा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, विश्रांती कशी घेणार? पुढच्या साली दोघांनाही जावंच लागतंय, बाकी फिटली नाही."

इथे माझ्या मनात या प्रश्नाचे उत्तर पक्के होते. दारात मागितलेली अनामत श्रीमंत पाहुण्याला त्रासाची वाटेल, पण तो ती भरेल. मजुराच्या बाबतीत तीच अनामत पुढच्या वर्षाच्या श्रमावरचे कर्ज बनते. आजार बरा होतो आणि माणूस मात्र बांधला जातो. आजारी शरीराने त्याच फडात पुन्हा उतरावे लागते, आणि डॉक्टर म्हणून आम्ही लिहून दिलेली विश्रांती कागदावरच राहते.

मग पैसे कोणी भरावेत?

पैसे लागतात, हे मी नाकारत नाही. लहान गावातील खासगी डॉक्टरची अडचण मी आतून जाणतो. प्रतिविषाच्या सुरुवातीलाच दहाएक कुप्या लागतात. ऑक्सिजन, औषधे, परिचारिकांचे पगार, यांचे पैसे कोणी तरी भरलेच पाहिजेत. पाच अनोळखी रुग्ण बिल न भरता गेले, तर सहाव्याला दाखल करताना डॉक्टरचा हात आखडतो. केवळ माणुसकीचे उपदेश करून हे सुटणार नाही. विधी आयोगाने २००६ साली आपल्या २०१ व्या अहवालात तातडीच्या उपचारांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा सुचवला, त्यात रुग्णालयांचा खर्च सरकारने भरून देण्याचाही विचार होता. तो विचार योग्यच होता.

त्या दिशेने काही पावले पडली आहेत. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातील जखमींसाठी रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. मोटार वाहनाच्या अपघातात सापडलेल्या कोणाही व्यक्तीला, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत नेमलेल्या रुग्णालयात उपचार मिळावेत अशी ती आहे. जखमी कोणत्या गावचा, हा प्रश्न त्यात नाही. हेच तत्त्व सर्पदंश, बाळंतपण, विषबाधा, हृदयविकाराला का लागू नये?

माझे मत असे. थांबता येणाऱ्या उपचारासाठी बाहेरून आलेल्या, ऐपत असलेल्या पाहुण्याकडून पैसे घेण्यात गैर काही नाही. तातडीच्या उपचारात मात्र आधी उपचार, आणि हिशोब रुग्णाच्या उशाशी न करता त्याला पाठवणाऱ्याशी व कामाला लावणाऱ्याशी करावा. परदेशी पर्यटकाचा हिशोब त्याच्या विमा कंपनीशी, परराज्यातील रुग्णाचा त्याच्या राज्याच्या योजनेशी, आणि ऊसतोड मजुराचा त्याच्या श्रमावर चालणाऱ्या कारखान्याशी. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटदाराने मजुरांना मोफत वैद्यकीय सोय पुरवावी असे लिहिले होते. ते आपल्या फडांपर्यंत कितपत पोचले, हे आपण सारे जाणतो. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले आहे, आणि त्याच्यासाठी गाळपाच्या उसावर टनामागे कारखान्यांकडून रक्कम घेण्याचे ठरले आहे. त्या निधीतून परमुलखातील तातडीच्या उपचाराचे बिल थेट रुग्णालयाला मिळाले, तर डॉक्टरचा हात आखडणार नाही आणि मुकादमाच्या वहीत दवाखान्याची ओळ पडणार नाही. आपल्या लोकप्रतिनिधींनी या हंगामाआधी मागावे असे हे साधे काम आहे.

निघण्यापूर्वी काय करावे?

व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी कराव्यात.

१) आयुष्मान कार्ड काढून घ्यावे. पात्र कुटुंबाला ते देशभरातील योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत चालते, म्हणून कर्नाटकात जाणाऱ्यांना त्याचा विशेष उपयोग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व रेशनकार्डधारकांना लागू असून संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे.

२) आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावी. मूळ कागद गावी राहिले म्हणून योजना नाकारली जाते, असे वारंवार घडते. फुले योजनेत तातडीच्या रुग्णाबद्दल फोनने कळवून उपचार सुरू करता येतात व कागद मागून देता येतात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला ठामपणे सांगावे. योजनेचा फोन १५५३८८, आयुष्मानचा १४५५५.

३) कामाच्या गावी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळचे सरकारी रुग्णालय कुठे आहे आणि तिथे सर्पदंशाचे प्रतिविष मिळते का, हे विचारून ठेवावे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाले आहेत. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही आहे.

४) साप चावल्यास हात-पाय करकचून बांधू नये, कापू नये, चोखू नये. चावलेला भाग लाकडी पट्टीने हलणार नाही असा ठेवावा आणि चालू न देता वाहनातून थेट प्रतिविष असलेल्या ठिकाणी न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही. कोपीत शक्यतो खाटेवर आणि मच्छरदाणी नीट खोचून झोपावे.

५) गरोदर स्त्री बरोबर असेल, तर तिचे तपासणीचे कार्ड, रक्तगट आणि बाळंतपणाची तारीख टोळीतील दुसऱ्या एका बाईलाही माहीत असावी. शेवटच्या महिन्यात फडावर राहू नये, हे उत्तम.

६) मधुमेह, रक्तदाब, मिरगीच्या औषधांचा साठा आणि चिठ्ठी बरोबर ठेवावी. परदेशी जाणाऱ्यांनी चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. कंपनीचे नाव तिकडे कोणी ओळखत नाही.

७) दुसऱ्या रुग्णालयात हलवताना, कोणते औषध किती वाजता दिले याची लेखी चिठ्ठी मागून घ्यावी. प्रत्येक पावती जपावी.

८) रस्त्यात जखमी माणूस दिसला तर त्याला दवाखान्यात पोचवायला घाबरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्याकडून पैसे मागता येत नाहीत आणि त्याला साक्षीला बांधूनही ठेवता येत नाही.

आपल्या गावात आलेल्या बाहेरच्या माणसालाही हेच लागू करावे. वीटभट्टीवर, विहिरीच्या कामावर, रस्त्याच्या डांबरीकरणावर दूरच्या मुलखातून आलेले मजूर आपल्या भागात असतात. त्यांच्यातला कोणी रात्री दवाखान्यात आणला गेला, तर "कुठला आहे, पैसे कोण देणार," हे आधी विचारू नये. आपला माणूस बागलकोटच्या दारात उभा असेल, तेव्हा तिथल्या माणसाने जे करावे असे आपल्याला वाटते, तेच आपण इथे करावे.